गोदीवाल्याचा ठोसा

“तुझ्या ‘पडत्या बाजूं’मध्ये पहिलंच वाक्य आहे की बटण दाबल्यावर आज्ञा उशिरा पोचते. हे नक्की…” संपादक फोनवर एवढंच म्हणाला आणि ती “नक्की” म्हणून मोकळी झाली. त्याचं वाक्य तिथं संपत नव्हतं. पण तिच्याशी बोलताना आपली वाक्यं संपत नाहीत हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. “…का, असं विचारत होतो,” तो शांतपणे पुढं म्हणाला, “कारण बाकीच्यांनी नेमकं उलटं लिहिलंय. इतका तत्पर खेळ कित्येक वर्षांत आला नाही म्हणतात. बटणाला बोट लागलं की ठोसा बसलाच.” “त्यांना खेळता येत नसेल,” ती म्हणाली. “सगळ्यांना?” संपादक म्हणाला, आणि संध्याकाळी पान लागायचंय, तोवर काय ते कळव, असं सांगून त्यानं फोन ठेवला. बाकी काही नाही, तो एक ‘सगळ्यांना?’ मात्र तिच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला. तिचं लिहिणं कुणाला आवडत नसेल, तिची भाषा कुणाला तिखट वाटत असेल, त्याचं तिला काही वाटत नसे. पण हाताला जे जाणवलं ते चुकीचं? हाताच्या बाबतीत ती कधी चुकली नव्हती. हात हेच तर तिचं भांडवल. तिनं टेबलावर दोन्ही हात ठेवून त्यांच्याकडं पाहिलं. अंगठ्यांना घट्टे पडलेले, एका नखाचा कोपरा उडालेला. दिसायला अगदी इमानदार हात.

साप्ताहिकाच्या शेवटून दुसऱ्या पानावर ती खेळांविषयी लिहायची. मैदानावरच्या नव्हे, टीव्हीला जोडून खेळायच्या. जमेच्या बाजू, पडत्या बाजू, शेवटी चार ओळींचा निवाडा. बहीण काय करते असं कुणी विचारलं की दादा सांगायचा, “दिवसभर खेळत बसते आणि वर त्याचा पगार घेते.” असं म्हणताना त्याच्या आवाजात हेवा असायचा, आणि तिला तो ऐकायला आवडायचा. मारामारीचे खेळ ही तर तिची खास जहागीर. समोरासमोर दोघं, मध्ये पाच पावलं जागा, आणि बाकी सगळं अंगठ्यांवर. हा नवा खेळ हातात आला तेव्हा तिला पहिल्याच दिवशी आनंदाचं भरतं आलं होतं. खेळाचं नाव ‘बाह्या’. यातले लढणारे कुणी राक्षस नव्हते की जादूगार नव्हते, सगळी पोटापाण्याची माणसं. एक शिंपीण होती, तिचे फटके सुई मारल्यासारखे, तीन लागोपाठ, टाक टाक टाक. एक टपालवाला होता, तो लाथा मारायचा, कारण आयुष्यभर पायीच फिरलेला. एक काचा पुसणारा, तो उंचावरून उडी घ्यायचा. लढाई सुरू व्हायच्या आधी प्रत्येक जण आपापल्या पद्धतीनं बाह्या वर सारायचा. शिंपीण नीट घडी घालून, टपालवाला एका झटक्यात. ठोसा बसला की आवाज ढिशूमचा यायचा नाही. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा यायचा. बटणं तीनच. खेळायला पोरालाही जमेल, आणि मुरायला जन्म जाईल. असं सगळं तिनं जमेच्या बाजूंत लिहिलं होतं, आणि लिहिताना तिला खुर्चीत बसवत नव्हतं. पडत्या बाजूही होत्याच. लढायच्या जागा मोजक्या. मागं जमलेल्या बघ्यांमध्ये एकच छत्रीवाली बाई जिथं तिथं उभी. खेळाच्या अवघड पातळीवर मशीन लबाडी करायचं, तुमचं बटण आधीच वाचून टाकायचं. आणि गोदीवाला. गोदीवाला म्हणजे जहाजावरची ओझी उतरवणारा, खांदे कपाटाएवढे, आणि चाल अशी की बघणाऱ्याला जांभई यावी. त्याच्या ठोशाला आधी खांदा मागं जायचा, मग कोपर, मग कंबर वळायची, आणि मग कुठं मूठ निघायची. एकदा मूठ निम्म्यावर आली की त्याला कुणी थांबवू शकत नसे. हलके फटके अंगावर झेलत ती येऊन पोचायचीच आणि समोरचा आडवा. पण निम्म्यावर यायच्या आत कुणी नुसती टिचकी मारली तरी ठोसा विरून जायचा, आणि बिचारा गोदीवाला हात खाली सोडून पुन्हा पहिल्यापासून खांदा मागं न्यायला लागायचा. ‘हा लढवय्या का ठेवलाय कळत नाही,’ तिनं लिहिलं होतं, ‘त्याला कुणी निवडणार नाही.’ हे लिहिताना तिच्याच शेजारच्या खुर्चीत एक माणूस बसून रोज त्यालाच निवडत होता, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

तो माणूस म्हणजे बाबा. खिडकीजवळची उंच पाठीची खुर्ची, मांडीवर उशी, उशीवर दुसरा कंट्रोलर, त्याच्यावर डावा हात. उजवा हात उशीखाली, झोपलेल्या मांजरासारखा. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते तिच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात होते. व्यायाम घ्यायला येणारी बाई म्हणाली होती, बोटांना काहीतरी दाबायला द्या, म्हणून तिनं कंट्रोलर दिला. एक मला, एक तुम्हाला, म्हणजे पसारा नको, असं तेव्हा ती हसत म्हणालीही होती. बाबा तीन बटणांतलं एक दाबायचे, गोदीवाल्याचा खांदा मागं जायचा, आणि ती शिंपिणीच्या एका टिचकीनं तो ठोसा वाटेतच मोडायची. आजारी माणूस म्हणून सूट देणं तिला सुचलं नव्हतं. या घरात कुणी कुणाला सूट देतच नसे. बाबा लिलाववाले होते. बंद पडलेल्या घरांतलं सामान, कपाटं, घड्याळं, आरसे, पियानो, सगळं एका लांबलचक दालनात यायचं आणि बाबा लाकडी चौथऱ्यावर उभे राहून ते विकायचे. लहानपणी ती शाळेतून थेट तिथं जायची आणि विकायला ठेवलेल्या सोफ्यावर बसून अभ्यास करायची. कधी कधी सोफा विकला जायचा आणि तिला उठावं लागायचं. बाबांची जीभ म्हणजे कात्री. मागच्या रांगेतल्या माणसानं भुवई उचलली न उचलली तोच त्याची बोली यांच्या तोंडून बाहेर. घरीही तेच. जेवणाच्या टेबलावर वाक्य सुरू एकानं करायचं आणि संपवायचं दुसऱ्यानं, आणि जो आधी संपवेल तो जिंकला. दादा लवकरच गप्प बसायला शिकला. आई तर आधीपासूनच तोंडात मूग धरून होती. राहिली ही. बाबा तिला लवंगी म्हणायचे, वात लावायच्या आतच फुटते म्हणून. आणि ती खरंच फुटायची. पुढं नवरा आला आणि काही वर्षांनी गेला, तोही जाताना एवढंच म्हणाला की “तुला बोलायला मी लागतो कशाला? माझं पण तूच बोलतेस.” हे वाक्य मात्र तिनं त्याला पुरं करू दिलं होतं, पण तोवर त्याची बॅग दाराबाहेर गेली होती.

आता बाबांचं बोलणं उशिरा यायचं. विचारलं की डोळे आधी हलायचे, मग गळ्याची घाटी वर जायची, मग ओठांचा डावा कोपरा, आणि मग एक शब्द. मग पुन्हा पहिल्यापासून. बोलण्याचा सराव घ्यायला येणारी बाई सांगून गेली होती, “शब्द त्यांच्याकडं सगळे आहेत, दारापर्यंत यायला वेळ लागतो इतकंच. तुम्ही दार लोटून आत हात घालू नका.” पण घाटी वर गेलेली दिसली की तिला राहवत नसे. “चहा?” ती म्हणायची. “गार वाटतंय? खिडकी लावू? टीव्ही मोठा करू?” आणि बाबा मान हलवायचे. बहुतेक वेळा हो अशीच हलवायचे, आणि तिला वाटायचं, बघा, ओळखलं की नाही. दादाचा फोन आला, त्याच्या तळमजल्यावरच्या घरात मागची खोली बाबांसाठी रंगवून घेतलीय, त्यांना विचार, असं तो म्हणाला, तेव्हाही बाबांची घाटी वर गेली होती. आणि ती फोनमध्ये म्हणाली होती, “बाबांना इथंच बरं वाटतं.” दादा म्हणाला होता, “मी स्वतः येतो आणि विचारतो.” तो आज चार वाजता यायचा होता. चष्म्याच्या भिंगांचं दुकान लवकर बंद करून, गाडी घेऊन. तिला सकाळपासून त्याचीच धास्ती होती. बाबा गेले तर या घरात उरलं काय? ती, दोन कंट्रोलर, आणि एक मोकळी खुर्ची. तिला बाबा हवे होते. हे तिनं दादाला सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही, आणि खरं म्हणजे स्वतःलाही आत्ताच, फोन ठेवल्यावर, हातांकडं बघताना सांगितलं. मनातल्या मनात तिनं दादाला द्यायची सगळी उत्तरं तयार करून ठेवली होती, आणि ती सगळी ‘बाबा म्हणतात’नं सुरू होत होती.

पण आधी हा ‘सगळ्यांना?’. तिनं कन्सोल सुरू केला, शिंपीण घेतली, एकटीच रिंगणात उभी राहिली आणि एक बटण दाबलं. बटण, मग काहीच नाही, मग फटका. किंचितसंच, डोळ्याची पापणी लवावी एवढं, पण होतं. तर मग! कंट्रोलर बदलला, बाबांचा घेऊन पाहिला, तेच, तो पुन्हा त्यांच्या उशीवर ठेवला. तार बदलली, तेच. कन्सोल बंद करून पुन्हा लावला, मागची धूळ फुंकली, आणि धूळ फुंकताना वाकून टीव्हीच्या पाठीकडं पाहत असताना तिचा हात हवेतच थांबला. टीव्ही. हा टीव्ही तिचा नव्हताच. तिचा कामाचा जुना लहानगा पडदा आतल्या खोलीत होता, टेबलावर कपड्यांच्या ढिगाखाली. दादानं बाबांसाठी हा भलामोठा टीव्ही आणून दिला, बाबांना तिचं खेळणं बघायला आवडू लागलं, म्हणून ती कन्सोल घेऊन इथं बाहेर आली, आणि या खेळाची अख्खी परीक्षा तिनं इथंच बसून केली. आणि असले टीव्ही चित्र आलं तसं दाखवत नाहीत हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ते आधी त्याला सजवतात, कडा साफ करतात, रंग चढवतात, हालचालीच्या सुरकुत्या काढतात, आणि मग तुमच्यासमोर ठेवतात. सिनेमाला बरं असतं. पण मारामारीत तेवढ्यात माणूस जमिनीवर पडलेला असतो. वाचकांना हजारदा सांगितलेली गोष्ट. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं नाचताही येत होतं आणि अंगणही वाकडंच होतं, फक्त ते खेळाचं नव्हतं, घरचं होतं. असली घोडचूक नवखा करत नाही, त्याला टीव्हीत असं काही असतं हेच माहीत नसतं. ही चूक करायला तिच्यासारखा मुरलेला माणूसच लागतो. ती स्वतःशीच मोठ्यानं हसली. बाबांनी मान वळवून पाहिलं. “काही नाही बाबा, तुमच्या लेकीनं शेण खाल्लं,” ती म्हणाली, आणि रिमोट घेऊन टीव्हीच्या सेटिंगमध्ये, पोटातल्या पोटात शिरत शिरत तिनं ती सगळी सजावट एकेक करून बंद केली.

चित्र जरा रखरखीत झालं. रंग उतरले, शिंपिणीच्या गालावरचा तजेला गेला. मग तिनं बटण दाबलं. आणि फटका बसला. मध्ये काही नव्हतं! बोट आणि मूठ यांच्यात एक भिंत होती आणि ती कुणीतरी काढून नेली होती. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा, तीनदा लागोपाठ, टाक टाक टाक, आणि तिच्या पाठीच्या कण्यातून काहीतरी सळसळत वर गेलं. शिंपीण उडी मारत होती ती तिच्या अंगठ्यानं नव्हे, जणू तिच्याच पोटऱ्यांनी. अरे, काय खेळ आहे हा! किती हलका, किती हजरजबाबी! इतके दिवस ती काचेतून पेढे चाटल्यासारखं त्याला खेळत होती. तिला ओरडावंसं वाटलं आणि ती ओरडलीच, “बाबा, बघा! बघा हिला!” आणि त्या भरात तिनं मशीनमधला टपालवाला समोर बोलावला, याची तर आता धुलाईच, म्हणून. टपालवाल्यानं तिला पालथं पाडलं. दुसऱ्या फेरीत पुन्हा. तिसऱ्यांदा तिनं दात-ओठ खाल्ले आणि तरीही हरली. शिंपिणीचे सगळे फटके वाऱ्यावर जात होते. टपालवाला पोचायच्या आतच तिची मूठ पुढं येऊन परत जायची, आणि मग तो निवांतपणे लाथ घालायचा. जरा वेळानं तिला कळलं. इतके दिवस पडद्यावर जे दिसायचं ते होऊन गेलेलं असायचं, म्हणून तिचे हात दिसायच्या आधी मारायला शिकले होते. समोरच्याचा खांदा हलण्याची वाट न बघता, तो आता हलेल या अंदाजावर. कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप अंगात भिनलं होतं. आता उशीर उरला नव्हता आणि घाई मात्र उरली होती. ती सोफ्यावर मागं टेकली. तिला आठवलं ते लिलावाचं दालन. तिथं बाबांच्या हाताखाली एक नवा लिलाववाला आला होता, हुशार, चुणचुणीत. एकवार-दोनवार-तीनवार असं एका दमात म्हणून हातोडा आपटायचा. बाबांनी त्याला सगळ्यांदेखत झापला होता. “एकवार पटकन म्हण, दोनवार पटकन म्हण,” बाबा म्हणाले होते, “पण दोन आणि तीनच्या मध्ये थांब. खरी बोली तिथं येते. माणूस तिथंच मन पक्कं करत असतो, गाढवा.” आणि बाबा स्वतः थांबायचे. दोनवार म्हणून डावं बोट वर करायचे. सगळं दालन श्वास रोखून बसायचं, घड्याळं तेवढी टिकटिकायची, आणि मग मागच्या काळोख्या कोपऱ्यातून कुणीतरी, अगदी कधी न बोलणारं कुणीतरी, बोलायचं. असा थांबणारा माणूस घरी येऊन कुणाला बोलू द्यायचा नाही, हे कसं काय? का त्याची सगळी थांबण्याची ताकद तिथंच खर्च व्हायची? तिनं संपादकाला फोन लावला आणि म्हणाली, “ते वाक्य काढ. माझा टीव्ही उशीर करत होता. खेळ चाबूक आहे, वीज आहे, नवीन मजकूर देते.” पलीकडं शांतता झाली. एरवी ती शांतता तिनं भरून काढली असती. “बरं,” संपादक शेवटी म्हणाला, “आणि तू आज माझं ऐकून घेतेयस, बरी आहेस ना?”

तेवढ्यात शेजारून टक् असा आवाज आला. बाबांनी उशीवरचा कंट्रोलर बोटानं वाजवला होता. पडद्यावर त्यांचा गोदीवाला येऊन उभा होता, सावकाश, एकेक बटण सोडवत बाह्या वर सारत. “खेळायचंय?” तिनं विचारलं, आणि बाबांची मान हलण्याच्या आधीच ती पुढं सरकून बसलीही. लढाई सुरू झाली. बाबांचं बोट हललं, आणि गोदीवाल्याचा खांदा मागं गेला. तो लगेच गेला. आजवर बाबांचा स्वतःचा उशीर आणि त्यात टीव्हीचा उशीर अशी दुप्पट वाट होती. आज त्यातली निम्मी उडाली होती. आणि तिची टिचकी, ती मुरलेली, हुकमी टिचकी, त्याच्या कितीतरी आधी येऊन हवेत विरली होती. शिंपीण हात परत घेत होती आणि कोपर मागं गेलं, कंबर वळली, मूठ निघाली. तिनं फटके मारले, दोन, तीन, ते त्याच्या छातीवर बसले आणि तो थांबला नाही. मूठ निम्म्यावर आली होती. आता जगातलं काहीच त्या मुठीला अडवू शकत नव्हतं. तिला ते दिसत होतं, अगदी संथपणे, आणि भीतीच्या ऐवजी तिच्या पोटात गुदगुल्या झाल्या. हा ठोसा पूर्ण झालेला तिनं आजवर पाहिलाच नव्हता. किती सुंदर होता तो! पायाच्या अंगठ्यापासून सुरू होऊन मणक्यातून चढत, खांद्यावरून उतरत, आयुष्यभर उचललेली सगळी ओझी त्या एका मुठीत आल्यासारखा. शिंपीण उडून त्या छत्रीवाल्या बाईच्या पायाशी जाऊन पडली. ओल्या पोत्याचा आवाज घरभर घुमला. “आईशप्पथ!” ती किंचाळली, उभी राहिली, डोक्याला हात लावला. “बाबा! पाडलंत मला! खरंच पाडलंत!” बाबा हसत होते. चेहऱ्याची डावी बाजू हसत होती, उजवी तशीच होती, आणि डोळे दोन्ही. त्यांचा तो दालनातला आवाज नव्हता, एक घोगरा ह् ह् ह् येत होता, पण ती त्याला ओळखत होती. तिनं वाकून त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं. गोदीवाल्याविषयी काय लिहायचं ते तिच्या मनात आपोआप लिहून होत होतं. तो खेळाची पडती बाजू नव्हता. त्याला मध्येच मोडणाऱ्यांना तो कधी दिसलाच नव्हता.

दारावरची घंटा वाजली. दादा जिने चढून दमला होता, कोट हातावर, कपाळावर घाम. “गाडी खाली कशीतरी लावलीय, पोलीस शिट्ट्या मारतायत,” तो म्हणाला, “बाबा, कसे आहात? बरे दिसताय.” “बाबांनी मला हरवलं,” ती म्हणाली. “आँ? तुला?” दादा बाबांकडं बघायला लागला, मग सोफ्याच्या कडेवर टेकला, आणि विषयाला हात घातला. “खोली तयार आहे. दारातून थेट रस्त्यावर खुर्ची ढकलता येते, पायरी पण काढून टाकली. मग काय ठरलं बाबांचं?” असं म्हणताना तो बाबांकडं बघत नव्हता. तिच्याकडं बघत होता. सगळे तिच्याकडंच बघायचे. डॉक्टर, औषधवाला, व्यायामवाली, सगळ्यांना ठाऊक होतं की बाबांचं उत्तर हिच्याकडं मिळतं. आणि उत्तर तयार होतं. जिभेच्या टोकाशी, बटणावर अंगठा ठेवावा तसं. बाबांची घाटी वर गेलेली तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिली. खांदा मागं गेला होता. आता एक टिचकी, ‘बाबा म्हणतात’, एवढे दोन शब्द, की संपलं, बाबा मान हलवतील, दादा एकटा खाली जाईल, आणि हे घर होतं तसं राहील. तिला ते इतकं हवं होतं की दात एकमेकांवर दाबले गेले. “बाबांना विचार,” ती म्हणाली. “विचारलं की,” दादा म्हणाला. “मग थांब.”

दादा थांबला. खाली कुणीतरी शिट्टी मारत होतं. पडद्यावर गोदीवाला जिंकलेल्या पवित्र्यात श्वास घेत उभा होता, वर-खाली, वर-खाली. एकवार, ती मनात म्हणाली. बाबांच्या ओठांचा डावा कोपरा हलला आणि पुन्हा मिटला. दादानं तोंड उघडलं, तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला. दोनवार. आणि तिथं ती थांबली, त्या दोन आणि तीनच्या मधल्या जागेत, जिथं तिला कधी उभं राहताच आलं नव्हतं. ती जागा ओसाड नव्हती. तिथं बाबा होते, पूर्णच्या पूर्ण, वाक्य उचलून घेऊन येताना.

“जातो,” बाबा म्हणाले.

ठोसा बसला. छातीच्या बरोबर मध्ये बसला. “पण बाबा—” ती म्हणाली, आणि बाबांचं डावं बोट वर झालं. दालनात व्हायचं तसं. अजून बोली संपलेली नाही. “इथून…” बाबा म्हणाले, आणि बोट खिडकीकडं गेलं, “रस्ता… दिसत नाही.” तिला हे कळेना. ही खुर्ची तिनं मुद्दाम खिडकीत ठेवली होती, त्यांना रहदारी दिसावी, माणसं दिसावीत म्हणून. ती उठली, खुर्चीशेजारी उकिडवी बसली, आपलं डोकं बाबांच्या डोक्याच्या उंचीवर आणलं आणि बाहेर पाहिलं. आभाळ, समोरच्या इमारतीचा वरचा कठडा, त्यावर वाळत घातलेलं एक पांढरं फडकं. बस्स. उभं राहिलं की रस्ता, बसलं की आभाळ. ती त्या खिडकीत कायम उभीच राहिली होती. किती वेळा ही घाटी वर गेली असेल, आणि तिनं चहा आणून दिला असेल. “माणसं… बघायचीत,” बाबा म्हणाले. “हो बाबा,” ती म्हणाली, आणि पुढं काही म्हणाली नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि तरीही आत कुठंतरी ती मघासारखीच नाचत होती, कारण ही वाक्यं नवीन होती, तिनं कधी ऐकलेली नव्हती, ही तिची नव्हतीच.

दादानं नाक पुसलं आणि तो उठला. “चला मग. कपडे मी भरतो, बाकीचं सामान नंतर—” “थांब,” बाबा म्हणाले. हा शब्द बिनउशिराचा आला, आणि दादा लहानपणी बसायचा तसा झटकन खाली बसला. बाबांचं बोट कन्सोलकडं वळलं. “रविवारी… हे घेऊन… ये.” मग तिच्याकडं. “मघाशी… मुद्दाम…” तिच्या ओठांवर ‘छे छे’ आलं होतं. तिनं ते गिळलं. बाबांचं उरलेलं वाक्य आपल्या चालीनं, खांदा, कोपर, कंबर असं करत आलं. “मुद्दाम… हरली… नाहीस ना?”

“नाही,” ती म्हणाली. “खरीखुरी हरले.”

बाबांनी ते नीट तपासून घेतलं, एखाद्या घड्याळाचं झाकण उघडून बघावं तसं. मग डावी बाजू हसली. “मग… अजून एक डाव,” ते म्हणाले, आणि डाव्या हातानं उजव्या बाहीचं बटण काढायला लागले. बटण लहान होतं, बोटं जाड झाली होती. दादा मदतीला वाकला तसा तिनं त्याचा कोट धरून मागं ओढला. “बस, दादा. वेळ लागेल.” “अगं, गाडी…” “मारू देत शिट्ट्या.” दादा बसला. बटण निसटलं, पुन्हा धरलं गेलं, निघालं. बाही एक दुमड वर गेली, मग दुसरी. पडद्यावर शिंपीण आणि गोदीवाला समोरासमोर उभे राहून वाट बघत होते, आणि तिचा अंगठा सुरू करायच्या बटणावर होता, ओला आणि अधीर. बाबांची बाही कोपराच्या वर गेली, त्यांनी डावा हात उशीवरच्या कंट्रोलरवर ठेवला, तिच्याकडं बघून मान हलवली, आणि मगच तिनं बटण दाबलं.